हरवलेल्या गॅमाचा हिशेब: कोबाल्ट-६० वापरून हलकं कृष्णद्रव्य कसं शोधतात

एमएस्सीच्या प्रयोगशाळेत कोबाल्ट-६० चा वर्णपट घेतला नाही असा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी विरळाच. सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर, एमसीए (ऊर्जेनुसार स्पंद मोजणारं यंत्र), पडद्यावर ११७३ आणि १३३२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची (पुढे केईव्ही) जोडशिखरं. रिझोल्यूशन (शिखराची रुंदी) काढायचं, जर्नलवर सही घ्यायची, संपलं. ही शिखरं म्हणजे कोबाल्टच्या विघटनातून एकापाठोपाठ सुटणारे दोन गॅमा (केंद्रकातून निघणारे जास्त ऊर्जेचे प्रकाशकण), आणि त्यांच्यावरच हलक्या कृष्णद्रव्याचा एक गंभीर शोध उभा आहे. एक गॅमा आला तर दुसरा यायलाच हवा, आणि तो आला नाही तर गेला कुठे, एवढाच त्याचा प्रश्न. प्रश्न विचारायला सोपा. अवघड आहे ते गॅमा हरवण्याची सगळी साधीसुधी कारणं आधी निकालात काढणं. प्रयोगाचा बहुतेक वेळ त्यातच जातो, म्हणून हा लेखही बहुतांशी त्याच कारणांबद्दल आहे.

हलक्या कणाची अडचण

विश्वातल्या एकूण द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के द्रव्य आपल्याला दिसत नाही; त्यालाच कृष्णद्रव्य म्हणतात. ते जड कणांचं असेल या आशेवर झेनॉनचे मोठे डिटेक्टर बांधले गेले: अमेरिकेत साउथ डकोटातल्या खाणीत एलझेड, इटलीत ग्रान सासो पर्वताखाली झेनॉन-एनटी. कृष्णद्रव्याचा कण झेनॉनच्या केंद्रकाला धडकेल, केंद्रक थोडं मागे सरेल आणि ते सरकणं टिपता येईल, ही त्यामागची कल्पना. पण कणाचं वस्तुमान प्रोटॉनच्या एक दशांश असेल तर? आकाशगंगेतला असा कण प्रकाशाच्या साधारण हजाराव्या भागाच्या वेगाने येतो, आणि झेनॉनच्या केंद्रकाला तो जास्तीत जास्त ०.१६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा देऊ शकतो. या डिटेक्टरांना दिसायला त्याच्या हजारो पट ऊर्जा लागते. डिटेक्टर कितीही मोठा करा, हा फरक भरून निघत नाही.

इथे केंद्रकाच्या आत साठलेली ऊर्जा कामाला येते, आणि ती वापरण्याच्या दोन रीती आहेत. नवशिके त्यांची हमखास गल्लत करतात.

पहिल्या रीतीत आकाशगंगेतला कृष्णद्रव्याचा कण येऊन एखाद्या उत्तेजित केंद्रकाला खाली उतरवतो आणि त्याची ऊर्जा घेऊन निघून जातो. यासाठी टँटलम-१८०एम हे नामी केंद्रक आहे. ते ७७ केईव्हीच्या पातळीवर अडकून बसलं आहे आणि त्याचा क्षय आजवर कुणीही पाहिलेला नाही. नैसर्गिक टँटलममध्ये ते ०.०१२ टक्के असतं. २०१९ मध्ये पोस्पेलोव, राजेंद्रन आणि रमाणी यांनी ही कल्पना मांडली. पुढे साउथ डकोटातल्याच मेजोराना डेमॉन्स्ट्रेटरच्या जर्मेनियम डिटेक्टरांमध्ये सतरा किलोहून अधिक टँटलमच्या चकत्या ठेवून मोजमाप झालं. एवढ्या धातूत कामाचं समस्थानिक भरतं जेमतेम दोन ग्रॅम. टँटलम खाली उतरलं तर पुढच्या क्षयातून ९३ आणि १०३ केईव्हीचे गॅमा दिसायला हवे होते. ते दिसले नाहीत. २०२३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार अर्धायुष्याची खालची मर्यादा १० च्या १७ व्या घाताइतक्या वर्षांच्या पलीकडे गेली आहे.

दुसऱ्या रीतीत कण बाहेरून येत नाही, तो प्रयोगशाळेतच तयार होतो. केंद्रक खाली उतरताना कोट्यवधींतून एखाद्या वेळी गॅमाऐवजी एखादा हलका, कशातच न अडकणारा कण सोडत असेल, तर तो गॅमा हरवलेला दिसेल. बेनाटो, द्रोबिझेव्ह, राजेंद्रन आणि रमाणी यांनी २०१९ मध्येच याचा आराखडा मांडला, आणि टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या गटाने सीझियम आयोडाइडच्या स्फटिकांमध्ये तो करून पाहिला. असा कण सापडला तरी तो कृष्णद्रव्य असल्याचं लगेच सिद्ध होत नाही. तो कृष्णद्रव्याचा नुसता जोडीदार किंवा दूत असू शकतो. अहवालात "कृष्णद्रव्य सापडलं" असं लिहायचा मोह झाला तर हे लक्षात ठेवा. पुढच्या पायऱ्या या दुसऱ्या रीतीच्या आहेत, कारण तिची सुरुवात साध्या विद्यापीठ प्रयोगशाळेत करता येते.

पायरी १: केंद्रक निवडा

कोबाल्ट-६० बीटा (वेगवान इलेक्ट्रॉन) सोडतो आणि निकेल-६० च्या २५०६ केईव्हीच्या पातळीवर उतरतो. तिथून ११७३ चा गॅमा, मग १३३२ चा, आणि केंद्रक तळाला. मधल्या पातळीचं आयुष्य पिकोसेकंदाच्या घरातलं, म्हणजे आपल्या घड्याळांच्या दृष्टीने दोन्ही गॅमा एकाच क्षणी सुटतात. सोर्सचं (किरणोत्सारी नमुन्याचं) अर्धायुष्य ५.२७ वर्षं, त्यामुळे वर्षभर मोजत बसलं तरी तो पुरतो.

पण आपण नक्की कोणता कण शोधतो आहोत ते इथेच ठरतं. कोबाल्टची दोन्ही ट्रान्झिशन्स (पातळ्यांमधल्या उड्या) ई२, म्हणजे विद्युत चतुर्ध्रुवी प्रकारची आहेत. स्केलर कण (स्पिन नसलेला, आरशातल्या प्रतिबिंबात चिन्ह न बदलणारा) अशा ट्रान्झिशनमधून सुटू शकतो. ॲक्सिऑनसारख्या स्यूडोस्केलर (प्रतिबिंबात चिन्ह बदलणाऱ्या) कणाला मात्र पॅरिटीच्या, म्हणजे आरसा-सममितीच्या नियमामुळे चुंबकीय ट्रान्झिशन लागते. ॲक्सिऑनच हवा असेल तर लोह-५७ च्या १४.४ केईव्हीच्या एम१ (चुंबकीय) ट्रान्झिशनकडे वळा. कोबाल्ट-५७ पासून १२२ चा गॅमा आधी येतो, तोच ट्रिगर (नोंद सुरू करणारी खूण). पण तिथे दहातल्या जवळपास नऊ वेळा गॅमाऐवजी आंतर-रूपांतरणाचा (केंद्रकाने आपली ऊर्जा देऊन बाहेर काढलेला कक्षेतला) इलेक्ट्रॉन सुटतो, त्यामुळे सोर्स डिटेक्टरच्या आतच मिसळावा लागतो. सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका.

शोधल्या जाणाऱ्या कणाचं वस्तुमान ट्रान्झिशनच्या ऊर्जेपेक्षा कमी असायला हवं. म्हणजे १३३२ च्या गॅमातून आपली पोच १.३३ एमईव्हीपर्यंत (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही), त्यापुढे नाही.

पायरी २: आधी कागदावर जाडी काढा

डिटेक्टर मागवण्यापूर्वी हा हिशेब करा. तीन इंची सोडियम आयोडाइडच्या स्फटिकातून १३३२ चा गॅमा सरळ अक्षावरून गेला तरी चारातला एक काहीही न करता आरपार निघून जातो. चारात एक हरवत असेल तर कोटीत एक हरवलेला शोधायचा कसा?

सीझियम आयोडाइडची घनता दर घन सेंटिमीटरला ४.५१ ग्रॅम. त्यात या ऊर्जेच्या गॅमाचा सरासरी मुक्त मार्ग (कशाला धडकण्याआधी कापलेलं सरासरी अंतर) साधारण साडेचार सेंटिमीटर भरतो. गळती हजारात एकवर आणायला सोर्सभोवती सर्व बाजूंनी सुमारे ३१ सेंटिमीटर स्फटिक हवा, म्हणजे गोल करून साडेपाचशे किलोच्या पुढे. दहा लाखांत एकसाठी ६२ सेंटिमीटर, साडेचार टन. शंभर कोटीत एकसाठी ९३ सेंटिमीटर आणि पंधरा टन. जाडी तिप्पट झाली की वजन सत्तावीस पट होतं, आणि अंदाजपत्रक त्याच्याही पुढे.

द्रव सिंटिलेटर (किरण पडल्यावर चमकणारा द्रव) स्वस्त पडतो, पण तो हलका असतो. त्यात मुक्त मार्ग १९ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे शंभर कोटीत एकसाठी जवळपास चार मीटर त्रिज्या लागते. ग्रान सासोतल्या बोरेक्सिनो या न्यूट्रिनो प्रयोगाच्या आतल्या गोलाची त्रिज्या सव्वाचार मीटर होती. न्यूट्रिनोसाठी बांधलेल्या मोठ्या टाक्या या कामाला योग्य ठरतात त्या यामुळेच.

विद्यापीठातल्या मांडणीत हजारात एकसुद्धा जमलं तर उत्तम समजा. हरवण्याचा दर काही टक्के असेल आणि तो सिम्युलेशनवरून वजा करायचा असेल, तर तुमची मर्यादा त्या वजाबाकीच्या चुकीइतकीच राहते. मग वर्षभर मोजलं काय आणि आठवडाभर मोजलं काय, फरक पडत नाही.

पायरी ३: सोर्स

परवानगीची कागदपत्रं, सोर्सची नोंदवही आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याची सही हे आधी उरकून घ्या. भारतात नियमन एईआरबीकडे (अणुऊर्जा नियामक मंडळाकडे) आहे आणि सोर्स बहुधा ब्रिट या सरकारी संस्थेकडून येतो; दोन्ही मुंबई-नवी मुंबईत. एक मायक्रोक्युरी पुरे. त्यात सेकंदाला ३७,००० विघटनं होतात, दिवसाला तीनशे कोटींच्या वर. जास्त तीव्रतेचा सोर्स घेतला तर घटना एकमेकींवर चढतात.

आता खरी मेख. बाजारातला सोर्स प्लास्टिकच्या चकतीत बंद असतो. दहा हजारांत एखाद्या वेळी निकेलचं केंद्रक १३३२ चा गॅमा सोडतच नाही, तीच ऊर्जा कक्षेतल्या इलेक्ट्रॉनला देतं. हा इलेक्ट्रॉन चकतीतच थांबतो. बाहेरच्या डिटेक्टरांना ११७३ दिसला, १३३२ नाही: तुमचा "नवा कण" हुबेहूब! बाहेर पंधरा टन स्फटिक लावला तरी ही चोरी पकडली जात नाही, कारण ती घरातच झालेली असते. त्यामुळे चकतीबंद सोर्सवर दहा हजारांत एकच्या खाली जाण्याचं नावच काढू नका. खाली जायचं असेल तर कोबाल्ट थेट सिंटिलेटरच्या दोन पातळ थरांमध्ये बसवावा लागतो, म्हणजे तो इलेक्ट्रॉनही दिसतो आणि वर बीटाची खूण मिळते. या बीटाची ऊर्जा फार तर ३१८ केईव्ही असते, त्यामुळे तो १३२४ केईव्हीच्या इलेक्ट्रॉनपासून सहज वेगळा ओळखता येतो.

पायरी ४: ट्रिगर ११७३ चाच घ्या

हे अगदी ठळक लिहून भिंतीवर लावा. कोबाल्टच्या बीटांपैकी सुमारे ०.१२ टक्के थेट १३३२ च्या पातळीवर उतरतात. अशा वेळी १३३२ चा गॅमा एकटाच येतो, त्याला जोडीदार नसतोच. १३३२ ला ट्रिगर केलं तर हजारात एखादी घटना आयतीच "हरवलेली" मिळणार. ११७३ च्या मागे मात्र १३३२ ची पातळी येतेच येते.

ट्रिगरसाठी शक्य असेल तर जर्मेनियम वापरा. १३३२ केईव्हीला चांगल्या जर्मेनियम डिटेक्टरचं रिझोल्यूशन दोन केईव्हीच्या आसपास असतं. सोडियम आयोडाइडचं ६६२ केईव्हीलाच ७ टक्के, म्हणजे ४६ केईव्ही. त्यात ११७३ चा गेट (स्वीकारायच्या ऊर्जेची खिडकी) रुंद ठेवावा लागतो आणि नको ते आत शिरतं.

नको ते म्हणजे काय? वर्णपट पडद्यावर मोठा करून पाहा. १३३२ ची कॉम्प्टन कडा (एकदाच विखुरलेला गॅमा जास्तीत जास्त देऊ शकतो ती ऊर्जा) १११८ वर येते. कागदोपत्री १११८ ते १३३२ ही दरी रिकामी हवी. पण प्रत्यक्षात ती रिकामी नसते, कारण गॅमा स्फटिकात दोन-तीनदा विखुरतो आणि उरलेली थोडी ऊर्जा घेऊन बाहेर पडतो. त्यातले काही नेमके ११७३ केईव्ही ठेवून जातात आणि १५९ केईव्ही घेऊन निघतात. हे १५९ जर्मेनियमच्या ॲल्युमिनियम डब्यात किंवा धारकात विरलं, आणि तो १३३२ जोडीदार नसलेल्या ०.१२ टक्क्यांतला असला, तर कुठलीही गळती न होता खोटा संकेत तयार होतो. उपाय दोन. ट्रिगरभोवतीचं निष्क्रिय सामान कमीत कमी ठेवा. आणि शिखराच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, समजा ११५० ते ११६५ आणि ११८० ते ११९५, यांत "हरवलेले" किती निघतात ते मोजा. शिखराखालचा वाटा त्यावरून काढता येतो. ही वजाबाकी सिम्युलेशनपेक्षा जास्त विश्वासार्ह आहे, कारण ती तुमच्याच डेटातून येते.

पायरी ५: कोइन्सिडन्सची परीक्षा

मांडणी धड चालते की नाही हे शोध सुरू करण्यापूर्वी तपासण्याची एक जुनी, भरवशाची रीत आहे. दोन डिटेक्टर ९० अंशांवर ठेवून कोइन्सिडन्स दर (दोघांत एकाच वेळी नोंद होण्याचा दर) मोजा, मग १८० अंशांवर. कोबाल्टच्या जोडगॅमांचा कोनीय सहसंबंध पक्का ठाऊक आहे: १८० अंशांचा दर ९० अंशांपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी जास्त यायला हवा. डिटेक्टरच्या आकारामुळे तो थोडा कमी दिसेल. तीन टक्के आला तर यादृच्छिक कोइन्सिडन्स वजा झालेले नाहीत, किंवा सोर्स मध्यावर नाही. पंचवीस टक्के आला तर एका डिटेक्टरमधून विखुरलेले गॅमा दुसऱ्यात जात आहेत. मध्ये शिसं लावा. हे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. अनेक जण ही पायरी "अभ्यासक्रमातली" म्हणून टाळतात आणि महिन्याभराने परत इथेच येतात.

पायरी ६: भोवतीची भिंत

नेहमीच्या गॅमा स्पेक्ट्रोस्कोपीत जर्मेनियमभोवतीचं बीजीओचं (बिस्मथ जर्मेनेटच्या स्फटिकांचं) कवच कॉम्प्टनच्या घटना फेकून देण्यासाठी असतं. टीआयएफआर, दिल्लीचं आययूएसी आणि कोलकात्याचं व्हीईसीसी या संशोधनसंस्थांत फिरत असलेल्या इंगा या जर्मेनियम संचातले क्लोव्हर डिटेक्टर असेच चालतात. इथे मात्र कवच हेच मोजमाप आहे आणि त्याचं गप्प राहणं हाच संकेत. म्हणून कवचाचा प्रत्येक कोपरा ट्रिगरइतकाच जपावा लागतो.

गळतीचं मोठं कारण स्फटिकाची जाडी क्वचितच असतं. दोन स्फटिकांमधली फट, टेफ्लॉनची गुंडाळी, केबलची वाट, क्रायोस्टॅटचा (जर्मेनियम थंड ठेवणाऱ्या भांड्याचा) दांडा, गॅमा इथूनच निसटतो. गवंडी विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही, तसेच स्फटिकांचे थर सांधे चुकवून रचा. सोर्सपासून सरळ रेषेत बाहेर जाणारी एकही फट राहता कामा नये. तपासायला सोर्स सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर हलवून हरवण्याचा दर पुन्हा मोजा. दर बदलला तर फट आहे, आणि कोणत्या दिशेला आहे तेही समजतं.

बाहेर शिशाच्या विटा आणि त्यांच्या आत तांब्याचा पत्रा. तांबं विसरलात तर शिशाचे ७५ केईव्हीच्या आसपासचे क्ष-किरण कवचात दिसत राहतील. भिंतीतल्या पोटॅशियम-४० चा १४६१ आणि थॅलियम-२०८ चा २६१५ केईव्हीचा गॅमा पूर्ण अडत नाही, पण त्यांच्या जागा पक्क्या असल्यामुळे ऊर्जामापन तपासायला ते रोज कामी येतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. सोडियम आयोडाइड पाणी शोषतो, आणि कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात सील किंचित जरी सैल असलं तरी स्फटिक पिवळा पडून रिझोल्यूशन घसरतं. फोटोमल्टिप्लायरची (प्रकाश टिपून संकेत वाढवणाऱ्या नळीची) वाढही तापमानाबरोबर बदलते. एसी रात्री बंद होत असेल तर पहाटे आणि दुपारी शिखर वेगळ्या चॅनेलला सापडेल. गेट ठरावीक चॅनेलवर लावून ठेवला तर ११७३ त्याच्या बाहेर जाईल आणि कॉम्प्टन आत येईल. दर तासाला शिखराची जागा तपासून दुरुस्त करणारा छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवा.

पायरी ७: वेळेच्या चुका

इथे दोन चुका आहेत आणि त्या विरुद्ध दिशेने ओढतात.

कवच त्या क्षणी आधीच्या घटनेत गुंतलेलं असलं आणि त्याची नोंदच झाली नाही, तर १३३२ येऊनही हरवल्यासारखा दिसतो. हा खोटा संकेत. उलट, खरोखर हरवलेल्या घटनेवर दुसऱ्याच विघटनाचा गॅमा येऊन पडला तर कवच बोलतं आणि खरा संकेत पुसला जातो. थॅलियमयुक्त सीझियम आयोडाइडचा प्रकाश मायक्रोसेकंदभर रेंगाळतो. पाच मायक्रोसेकंदांची खिडकी ठेवली तर ३७,००० च्या दराने सहा-सात घटनांतली एक अशी पुसली जाते.

दुसरी चूक कार्यक्षमता घटवते. तिचं मोजमाप सोपं आहे: मुद्दाम यादृच्छिक वेळी ट्रिगर द्या आणि कवच किती वेळा रिकामं असतं ते बघा. पहिली चूक मात्र घातक आहे. तिच्यावर एकच इलाज, ट्रिगर आला की सगळ्या चॅनेलांची पूर्ण तरंगाकृती डिजिटायझरने साठवायची. जुन्या एनआयएम या मानक इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलच्या जोडणीत "कवच गप्प होतं" आणि "कवचाची नोंद झाली नाही" यांत फरक करता येत नाही. शिकायला ती मांडणी छान आहे, या शोधाला नाही.

पायरी ८: मर्यादा, आणि काही दिसलंच तर

विश्लेषणाचे सगळे निकष (गेट, कवचाचा उंबरठा, वेळेची खिडकी) डेटाच्या छोट्या तुकड्यावर ठरवा आणि गोठवा. मग उरलेला डेटा उघडा.

समजा ११७३ पूर्ण शोषण्याची ट्रिगरची कार्यक्षमता १ टक्का आहे. एक मायक्रोक्युरीत दिवसाला सुमारे ३ कोटी २० लाख ट्रिगर मिळतील, महिन्याला ९६ कोटी. कवच आदर्श असेल, एकही घटना हरवली नसेल आणि घटना पुसल्या जाण्यातून ८० टक्के वाचत असतील, तर ९० टक्के विश्वासपातळीवर २.३ घटनांची वरची मर्यादा धरून शाखाप्रमाण (गॅमाऐवजी नवा कण सुटण्याचं प्रमाण) शंभर कोटीत तीनच्या खाली येतं. तुमच्या कवचाची गळती हजारात एक असेल तर हे आकडे विसरा. मर्यादा ठरवेल ती गळतीची अनिश्चितता. गीअँट-४ या सिम्युलेशन प्रोग्रॅममध्ये संपूर्ण भूमिती उतरवा, पण त्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी सोर्स हलवून घेतलेल्या मोजमापांशी तो जुळतो का ते पाहा.

आणि हिशेबापेक्षा जास्त घटना हरवल्या तर? घाई करू नका. हंगेरीतल्या अटोम्की संस्थेने २०१६ मध्ये बेरिलियम-८ च्या ट्रान्झिशनमध्ये १७ एमईव्हीच्या कणाची खूण दिसल्याचं सांगितलं. ती पडताळायला वेगळे डिटेक्टर उभे करावे लागले, आणि २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एमईजी-२ प्रयोगाला तशी ठळक खूण आढळली नाही. तुमच्या जास्तीच्या घटनांना आधी साधे प्रश्न विचारा. त्या कवचाचा उंबरठा बदलल्यावर बदलतात का? सोर्स फिरवल्यावर एकाच बाजूला जमतात का? ११७३ च्या बाजूच्या पट्ट्यांतही तेवढ्याच निघतात का?

यातून टिकल्या तर केंद्रक बदला. स्कँडियम-४६ अशा वेळी उपयोगी पडतो. त्याचे ११२१ आणि ८८९ केईव्हीचे गॅमाही ई२ प्रकारचेच, पण ऊर्जा वेगळ्या, त्यामुळे फटींची आणि कॉम्प्टनची खोडी बदलते, कण मात्र राहायला हवा. शिवाय त्याचं अर्धायुष्य ८४ दिवसांचं आहे. खरा संकेत सोर्सबरोबर निम्मा होईल, भिंतीतून येणारा होणार नाही. फक्त मागवताना तयार होण्याची तारीख नीट बघा, नाहीतर कागदपत्रं टेबलावरून टेबलावर फिरेपर्यंत निम्मा स्कँडियम वाटेतच संपलेला असतो.